थंडी दोघांची, ब्लँकेट एक

दि. ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. घरमालकाने घर विकायला काढलंय आणि जानेवारीअखेर तुम्हाला खोली रिकामी करून द्यायची आहे, हे वाचलं आणि मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की तुम्ही आता इकडेच यायचं. लेक नोकरीला परगावी गेल्यापासून मागची खोली रिकामी पडली आहे. रिकामी म्हणजे आपली म्हणायची. तिथे एक मोडकी खुर्ची, दोन ट्रंका आणि तुमच्या भावाने 'लागेल कधीतरी' म्हणून जपलेलं सगळं भंगार सुखाने नांदतंय. पण खोली तळमजल्यावर आहे, उजेडाची आहे, आणि न्हाणीघर लागूनच आहे. तुमच्या गुडघ्याला आणखी काय हवं? शिवाय हे तुमच्या आईबाबांचं घर. मी इथे आले तेव्हा तुमच्याच खोलीत पाहुणी म्हणून झोपले होते.

हे सगळं मी रात्रीच्या जेवणात यांना उत्साहाने सांगितलं. हे म्हणाले, बघू. तुमच्या बंधुराजांच्या 'बघू'चा अर्थ मी तुम्हाला सांगायचा म्हणजे काजव्याने सूर्याला उजेड दाखवायचा. मी कारण विचारलं, तर कारण नाही. खोलीला ओल आहे म्हणाले. ओल कुठे आहे दाखवा म्हटलं तर उठून हात धुवायला गेले. वन्सं, माझा जीव तेव्हापासून थाऱ्यावर नाही. तुमचं येणं ठरल्याशिवाय मी काही स्वस्थ बसायची नाही.

आता दुसरी गंमत. ती या ओलीशी जुळलेली आहे असा मला संशय आहे. ब्लँकेटच्या गिरणीला यंदा पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी आपल्या जुन्या जाहिराती मोठ्या करून गावभर लावल्यात. आमच्या बसथांब्यावर जी आलीय ती, बाई, काय सांगू! काळापांढरा फोटो. एक ब्लँकेट, आणि त्याच्या खालच्या टोकाने बाहेर आलेले चार उघडे पाय. दोन पुरुषाचे, दोन बाईचे. बाईचा तळवा पुरुषाच्या पावलावर टेकलेला. खाली एका बाजूला ठसठशीत ओळ: 'थंडी दोघांची, ब्लँकेट एक.' बाकी काही म्हणजे काही दिसत नाही, आणि तरी थांब्यावरची माणसं घड्याळात नाहीतर आभाळात बघत उभी असतात. समोरची शिंपीणबाई तर म्हणते की या फोटोमुळे तिच्या नवऱ्याला हल्ली बस चुकल्याचं वाईट वाटत नाही.

तर तो लागल्या दिवसापासून हे पुढच्या थांब्यावर चालत जातात. बूट धुळीने माखून येतात. मी थट्टा केली की या वयात चार पावलांना एवढं काय घाबरायचं, तर ताट सरकवून उठले. एवढं लाल तोंड मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. फोटोखाली बारीक अक्षरांत स्टुडिओचं नाव आहे. तुम्ही लग्नाच्या वयात असताना काम करत होतात तोच ना हा? तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवा. फोनवरच विचारणार होते, पण फोन बैठकीत आणि बैठकीत हे.

लोभ वाढता ठेवा; रुसवा असेल तर तो या पत्त्यावर पाठवू नका.

तुमची,
वहिनी


दि. १७ नोव्हेंबर

सौ. वहिनीबाईंस,
अनेक आशीर्वाद.

काय सांगतेस! तो फोटो पुन्हा भिंतीवर चढला? मला वाटलं होतं आमच्याबरोबर तोही निवृत्त झाला.

हो, तोच स्टुडिओ. मी तिथे रिटचिंग करायची. म्हणजे निगेटिव्ह खिडकीच्या उजेडासमोर तिरकी लावायची आणि पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून लोकांच्या सुरकुत्या, मुरुमं, देवीचे व्रण हलक्या हाताने बुजवायचे. गावातल्या निम्म्या उपवर मुलींचं रूप माझ्या पेन्सिलीतून उतरलेलं होतं. पुढे त्यांच्या सासरच्यांनी कुणाला धरलं असेल कोण जाणे. त्या फोटोवरही माझा हात फिरलाय. टाचांच्या भेगा मी घालवल्या.

तेव्हा जो गहजब झाला, तो तुझ्या शिंपीणबाईला बघायला मिळायला हवा होता. वर्तमानपत्रात रोज एक संतापाचं पत्र. शाळेच्या वाटेवरच्या फोटोवर कुणीतरी गोणपाट टाकलं, तर पोरं ते उचलून बघायला लागली. आमच्या गल्लीने निषेधाचा अर्ज काढला आणि पहिली सही बाबांना करायला लावली. बाबा त्याच गिरणीच्या गोदामात कारकून, तरी त्यांनी केली. आई तेवढ्यात स्वयंपाकघरात पळाली. लोकांना वाटलं, लाजली.

पाय कुणाचे, ते मात्र विचारू नकोस. कुणाला कधी सांगणार नाही असा मी शब्द दिलाय. ज्या माणसाला दिला ते माणूस आता नाही, पण शब्द आहे. आणि धाकट्याला त्या फोटोचं काय वावडं आहे ते मला खरंच कळत नाही. तो तेव्हा शाळेत होता. बाबांसारखाच सोवळा झाला असेल, दुसरं काय.

माझ्यावर त्याचं बिनसलंय ते का, हे मी जाणून आहे. कमावता झाल्यावर त्याने मोठ्या हौसेने आपल्या मित्राचं स्थळ माझ्यासाठी आणलं होतं. टायपिंगचा क्लास चालवणारा. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याच विनोदावर आधी आपणच हसायचा, आणि मग समोरचा हसतोय का ते बघायचा. जन्मभर कसं हसायचं गं? मी नाही म्हटलं आणि पुढे नोकरीसाठी गाव सोडलं. तेव्हापासून धाकट्याची पत्रं म्हणजे पावसापाण्याचा अहवाल. 'सर्व कुशल, आपले कुशल कळवावे.' आई गेली त्या वेळी शेजारी शेजारी बसलो होतो, तेव्हासुद्धा माझ्याशी बोलला तो गाडीच्या वेळेबद्दल.

म्हणून म्हणते, त्याला भरीला पाडू नकोस. इथे औषधाच्या दुकानावर एक खोली पाहून ठेवली आहे. जिना उभा आहे, दिवसातून एकदाच उतरेन म्हणजे झालं. तुमच्याकडे यायला मला फार आवडलं असतं, हे खोटं कशाला बोलू? या गुडघ्यापेक्षा एकटेपण जास्त ठणकतं आताशा. पण कुणाच्या 'बघू'वर पाय ठेवून मी त्या घरात शिरायची नाही.

आशीर्वाद आहेतच. बडबड कमी करू नकोस, मला तीच वाचायला आवडते.

तुझी,
अक्का


दि. २४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता ठरवलंय की जसं घडलं तसं लिहायचं आणि तुमच्या शहाणपणावर सोडून द्यायचं.

रविवारी हे बुटांना पॉलिश करत बसले होते. मी समोर ठाण मांडलं आणि सांगितलं की एकतर खोलीतली ओल दाखवा, नाहीतर त्या फोटोचं काय ते सांगा; दोन्हीपैकी एक झाल्याशिवाय दुपारचा चहा व्हायचा नाही. एक बूट चकचकीत करून दुसरा उचलला. मग बुटाकडेच बघत म्हणाले की फोटोतले बाईचे पाय तुमचे आहेत. आणि पुरुषाचे त्या स्टुडिओवाल्याचे असणार.

वन्सं, मी ठाण सोडून शेजारी सरकले. कशावरून म्हणता विचारलं, तर म्हणाले, उजव्या पायाच्या करंगळीवरून. तुमची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसते, फोटोतलीही तशीच बसलीय, आणि तीही उजव्याच पायाची. शाळेच्या कोपऱ्यावरच्या चार पोरांनी म्हणे यांना त्या फोटोवरून छेडलं होतं. बहीण स्टुडिओत कामाला, मग पाय दुसरे कुणाचे असणार, म्हणून. हे त्या चौघांच्या अंगावर एकटे धावून गेले. यांचा पुढचा दात खोटा आहे ना, तो सायकलवरून पडून गेला असं मी लग्नापासून ऐकत आलेय. सायकल कसली नि काय कसली! तो दात तुमच्यापायी गेलाय. त्यानंतर घरी येऊन यांनी तुमचे पाय चोरून पाहिले, करंगळी जुळली, आणि मग हे आपल्याशीच गप्प झाले. पुढे तुम्ही मित्राला नकार दिलात तेव्हा यांनी दोन आणि दोन चार केले. आईबाबांना कळू नये म्हणून घरात कधी ब्र काढला नाही.

मला म्हणाले की तिला मी आजवर एका शब्दाने बोललो नाही. असं म्हणाले जसं काही उपकारच केलेत. मी म्हटलं, बोलला असतात तर बरं झालं असतं. निदान तिला कळलं असतं की तुम्ही कशासाठी तोंड फिरवलंय.

तर आता मी सरळच विचारते, राग मानू नका. ते पाय तुमचे आहेत का? असले तर असू देत. मला त्याचं काडीचंही काही वाटत नाही, उलट मी थांब्यावर जरा ताठ मानेने उभी राहीन. फक्त मला यांच्याशी कशावरून भांडायचं आहे ते आधी ठाऊक हवं. तुम्ही दिलेला शब्द मोडायला लावतेय याची मला कल्पना आहे.

लोभ आहेच, या पत्रानंतरही राहिला तर देव पावला म्हणेन.

तुमची,
वहिनी


दि. १ डिसेंबर

सौ. वहिनीबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी इतकी हसले की शेजारीण दार ठोठावून विचारून गेली. मग मला इतका राग आला की तिने परत यावं असं वाटलं, कुणावर तरी काढायला.

शब्द मी आईला दिला होता. पण ती असती तर तिनेच सांग म्हटलं असतं, म्हणून सांगते. ते पाय आईबाबांचे आहेत.

नीट बस आणि वाच. त्या दिवशी गिरणीचं नवं ब्लँकेट घेऊन बाबांना स्टुडिओत पाठवलं होतं. ते डाग न पडता परत आणायची जबाबदारी त्यांची. नाटकातला एक नट आणि एक नटी येणार होती. नट आला. नटीने एकाच ब्लँकेटमध्ये झोपायचंय हे ऐकलं आणि आल्या पावली परत गेली. गिरणीचे साहेब घड्याळ बघत येरझाऱ्या घालायला लागले, आमचे मालक डोक्याला हात लावून बसले. बाबा ब्लँकेट छातीशी धरून एका बाजूला उभे. साहेबांना म्हणाले की हा प्रकारच असभ्य आहे, नटी गेली तेच उत्तम झालं. माझा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता. तो द्यायला नेमकी आई आली होती, आणि दाराआडून हे सगळं ऐकत होती. परक्या माणसांसमोर तोंड न उघडणारी बाई ती! तिने मला हळूच विचारलं की चेहरा दिसणार नाही ना, नुसते पायच ना. मी नाही म्हणेपर्यंत ती आत आली आणि मालकांना म्हणाली की पाय ती देईल. पण परक्या पुरुषाशेजारी नाही, हे असतील तर.

बाबांची अवस्था मी काय वर्णन करू? साहेब समोर, नोकरीचा प्रश्न, आणि बायकोने भर दरबारात फास आवळलेला. अखेर ते आडवे झाले. अंगात कोट, गळ्यात टाय, खिशाला पेन, आणि पायांत काही नाही. ज्या फोटोने अख्खं गाव चळलं म्हणून ओरड झाली, त्यात ब्लँकेटखाली एक कारकून कोट घालून झोपलाय. आईने तर पर्ससुद्धा सोडली नव्हती.

मालक ओरडायला लागले की हे पाय आहेत की पुतळे, जरा जवळ आणा. बाबा इंचभर हलेनात. स्टुडिओची फरशी गार, आणि अनवाणी चालून आईचे पाय बर्फ झाले होते. तिने काय करावं? सरळ आपला गारढोण तळवा बाबांच्या पावलावर टेकवला. बाबा किंचाळले, त्यांची बोटं आखडली, आणि त्याच क्षणी मालकांनी फोटो घेतला. आई ब्लँकेटात तोंड खुपसून हसत होती. आणि वहिनी, मग बाबाही हसले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आता करंगळी. आईचीही करंगळी चढलेली होती. माझी तिच्याकडूनच आलीय. पण तिची डाव्या पायाची. जाहिरातीचा मजकूर एका बाजूला हवा होता आणि फोटोतली मोकळी जागा नेमकी दुसऱ्या बाजूला आली, म्हणून मालकांनी निगेटिव्ह उलटी घातली. उलटी घातली की आरशातल्यासारखं डावं ते उजवं होतं. ब्लँकेटच्या कोपऱ्यात विणलेलं गिरणीचं नाव त्यामुळे उलटं दिसायला लागलं, ते मीच रंगाने झाकलं. थांब्यावर जाऊन बघ, कोपऱ्यात पांढुरका डाग असेल. म्हणजे ज्या उजव्या पायावरून धाकट्याने निकाल दिला, तो खरा डावा; माझा नाही याचा तोच पुरावा.

आता माझा राग. इतकी वर्षं मी समजत होते की तो मित्रासाठी रुसलाय, आणि हा मनात काय घेऊन बसला होता! दाताचं तेवढं मी पुन्हा वाचलं, ते खरं. चौघांच्या अंगावर धावून जायची हिंमत होती, मला एक प्रश्न विचारायची नव्हती. तेव्हा माझं एक ऐक. हे पत्र त्याला लगेच दाखवू नकोस. पाय माझे नाहीत हे सिद्ध झालं म्हणून मिळालेली खोली मला नको. आधी त्याला एवढंच विचार, की पाय अक्काचेच असतील तर तिला या घरात जागा आहे का नाही. तो नाही म्हणाला तर हे पत्र चुलीत घाल. मी औषधाच्या दुकानावर राहीन आणि तुझ्या पत्रांवर जगेन.

मी उत्तराची वाट बघतेय. वाट बघते म्हणून लिहायला मला आवडत नाही, पण बघतेय.

तुझी,
अक्का


दि. १२ डिसेंबर

तीर्थस्वरूप वन्संना,
सा. न. वि. वि.

सुटले बाई एकदाची! तुम्ही सामान बांधायला घ्या, आणि मग पुढचं वाचा.

तुमचं पत्र मी डाळीच्या डब्यामागे ठेवलं आणि पोटात न मावणारं गुपित घेऊन बसले. माझी दशा तुम्ही ओळखताच. आधी थांब्यावर जाऊन तो डाग शोधला. चष्मा लावून, फोटोला नाक टेकवून. मागे रांगेत कुजबूज सुरू झाली की बाईमाणूस असून काय हे. सासूबाईंच्या पायाशी आहे मी, असं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. डाग आहे. अगदी तुम्ही म्हणता तिथे.

मग यांना विचारलं. तुम्ही सांगितलंत तेवढंच, एक शब्द जास्त नाही. यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि उत्तर काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. मला वाटलं संपलं. औषधाच्या दुकानावरचा तो उभा जिना मला स्वप्नात दिसायला लागला.

शनिवारी बाजारातून आले तर मागच्या खोलीतून धुळीचा लोट. मोडकी खुर्ची अंगणात, ट्रंका अंगणात, सगळं जपलेलं भंगार अंगणात, आणि हे न्हाणीघरात भिंतीला भोकं पाडतायत. मला वाटलं ओल शोधतायत. बघते तो उठताबसताना धरायला एक लोखंडी दांडी बसवत होते. ही कुणासाठी म्हणून मी विचारलं. तोंडात स्क्रू होते, ते काढून म्हणाले की पाय कुणाचेही असोत, गुडघे तर तिचेच आहेत.

वन्सं, मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडले. हे घाबरले, दांडी वाकडी बसलीय का विचारायला लागले. वाकडीच बसलीय, पण मी काही बोलले नाही. तुम्ही आलात की तुम्हीच सांगा.

मग हात धुऊन, डाळीचा डबा सरकवून, तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं. उभ्या उभ्याच वाचायला लागले, मग बसले. कोट आणि टायपर्यंत आले तेव्हा असे हसले की खोटा दात निसटतो की काय वाटलं. त्यानंतर पान उलटेना. मी बघितलं तर डोळ्यांना रुमाल. बाबा खरंच हसले का हो, असं मलाच विचारलं. मी तेव्हा कुठे होते? मी म्हटलं, अक्काला विचारा.

ते आता बैठकीत बसून तुम्हाला पत्र लिहितायत. तिसरा कागद चाललाय. मी मध्ये बोलणार नाही, हे पत्र वेगळ्या पाकिटातून पाठवते.

लोभ आहे, खोली आहे, आणि लवकर आलात तर गाद्याही उन्हात घातलेल्या मिळतील.

तुमची,
वहिनी


दि. १३ डिसेंबर

तीर्थस्वरूप अक्कास,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इथे सर्व कुशल आहे असं लिहून मी थांबलो होतो. सवयीने लिहिलं. तो कागद टाकून दिला.

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला वेळ लागला. तुझी वहिनी म्हणते मी विचार करत होतो. विचार करण्यासारखं काही नव्हतं. तिने विचारलं तेव्हाच उत्तर 'हो' असं तयार होतं, आणि ते इतकं सोपं निघालं याचीच मला इतकी लाज वाटली की तोंडातून बाहेर पडेना. म्हणून आधी दांडी बसवली. ती किंचित वाकडी झाली आहे. ही काही बोलली नाही, पण मला दिसतं.

तुझं पत्र मी आता इतक्यांदा वाचलंय की बाबांच्या पेनसकट सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. त्या दोघांना मी कधी एका बाकावर बसलेलं पाहिलं नाही. ती पुढे तर ते मागे, ते आत तर ती बाहेर. आपण त्यांचा एकत्र फोटो नाही म्हणून हळहळायचो, आठवतं? आणि तो अख्ख्या गावाने पाहिला.

काल बसने न जाता मी त्या फोटोसमोर उभा राहिलो. दोन बसेस गेल्या. बाबांची आखडलेली बोटं नीट दिसतात. नखंसुद्धा त्यांचीच, चौकोनी. आता बघितल्यावर दुसऱ्या कुणाची कशी वाटली असतील तेच कळत नाही.

अक्का, मी आईच्या पाया किती वेळा पडलो असेन! परीक्षेला निघताना, नोकरीवर रुजू होताना, लग्नात, प्रत्येक प्रवासाला जाताना. दर वेळी वाकलो आणि डोळे मिटले. तिची करंगळी चढलेली होती, ही गोष्ट मला या वयात तुझ्या पत्रातून कळते. तुझे पाय मात्र मी चोरून, डोळे फाडून पाहिले होते.

रविवारच्या गाडीने ये. जड सामान पुढे पाठव, गुडघ्यावर ओझं घेऊ नकोस. मी फलाटावर असेन. तू उतरलीस की तिथेच वाकून नमस्कार करणार आहे, लोक बघोत. या खेपेला डोळे उघडे ठेवून.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. मला वाटतं तो होताच. आता त्याला घरी घेऊन ये.

तुझा,
धाकटा